गाडीत ‘डिजिटल ट्यूनर’ बसवण्याआधी: खरखर नेमकी येते कुठून?

भावोजींचा फोन आला तेव्हा ते छेडानगरच्या सिग्नलला अडकले होते. मागून रेडिओवरचं गाणं ऐकू येत होतं. म्हणजे दोन शब्द गाणं, चार शब्द खरखर.

“अरे, एफएम बंद होणार म्हणे. सगळं डिजिटल होतंय. तो दुकानवाला म्हणतोय, आत्ताच डिजिटल ट्यूनर टाकून घ्या, आवाज एकदम क्लिअर. साडेपाच हजार मागतोय. टाकू का?”

मी म्हटलं, “भावोजी, आठ दिवस खिशात हात घालू नका. रविवारी गाडी घेऊन घरी या.”

प्रश्न एकट्या भावोजींचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, खासगी रेडिओसाठी डिजिटल प्रक्षेपणाच्या शिफारशी सरकारला दिल्या. सुरुवात ज्या तेरा शहरांतून व्हावी असं ट्राय म्हणतं, त्यांत मुंबई आहे. बातमी एवढीच. पण ती सोसायटीच्या ग्रुपवर फिरत फिरत ‘एफएम बंद होणार’ इथपर्यंत गेली आणि गाडीचं सामान विकणाऱ्यांच्या हाती आयता मुद्दा आला. म्हणून हे सगळं एकदा नीट मांडतो. विषय वाटतो तेवढा किचकट नाही, फक्त एक शब्द त्यात घोळ घालतो.

‘डिजिटल’चे तीन अर्थ

तो शब्द म्हणजे ‘डिजिटल’. रेडिओच्या खोक्यावर तो लिहिलेला असतो तेव्हा त्याचा अर्थ तीनपैकी कुठलाही असू शकतो.

पहिला अर्थ आकड्यांचा. जुन्या रेडिओत काटा सरकवत स्टेशन शोधावं लागे. आता पडद्यावर ९८.३ असा आकडा येतो आणि रेडिओ बरोब्बर तिथे थांबतो. याला ‘डिजिटल ट्यूनिंग’ म्हणतात. तुमच्या गाडीत ते आधीपासून आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीत असेल. अँटेनातून येणारा सिग्नल मात्र जुन्याच पद्धतीचा.

दुसरा अर्थ आतल्या चिपचा. सिग्नल जुनाच, पण आत आल्यावर चिप त्याचे आकडे बनवते आणि हिशेब करून खरखर गाळते. याला डीएसपी म्हणतात. हिचा उपयोग खरोखर होतो. एनएक्सपी कंपनीच्या टीईएफ६६८६ या चिपचं नाव रेडिओवेडे लोक आदराने घेतात, ते उगाच नाही. सिग्नल दुबळा झाला की अशी चिप दोन स्पीकरांतून वेगवेगळा येणारा (स्टिरिओ) आवाज हळूच एकसारखा (मोनो) करते, शेजारच्या स्टेशनची घुसखोरी कापते. पण अँटेनातून जे आलंच नाही, ते हीसुद्धा आणू शकत नाही.

तिसरा अर्थ खरा. प्रक्षेपणच डिजिटल. स्टेशनच्या मनोऱ्यावरून निघतानाच गाण्याचे आकडे झालेले असतात आणि ते आकडे वाचणारा रेडिओ गाडीत असावा लागतो. बातमी या तिसऱ्या अर्थाची होती. दुकानदार विकत होता पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या अर्थाची वस्तू. त्याला खोटारडा म्हणणार नाही मी. खोक्यावर ‘डिजिटल’ लिहिलेलंच असतं.

सिग्नलला गाणं गायब, हातभर पुढे गेलं की परत

आता खरखर. एफएमच्या लहरी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. एका लहरीची लांबी साधारण तीन मीटर, म्हणजे एका छोट्या गाडीएवढी. या लहरी बऱ्याचशा प्रकाशासारख्या सरळ जातात. डोंगर आडवा आला की मागे सावली पडते. घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराच्या कुशीत गेलं की स्टेशनं का पातळ होतात, त्याचं हे उत्तर.

मुंबई शहरात मात्र सिग्नल कमी पडतो असं फारसं होत नाही. इथे तो जास्तच वेळा पोचतो. गणपतीत एखाद्या गल्लीत मंडळाचे चार भोंगे लावलेले असतात ना, तसं. शेजारच्या भोंग्यातून ‘सुखकर्ता’ येतं, लांबच्या भोंग्यातून तेच अर्ध्या क्षणाने, समोरच्या इमारतीवर आपटून आणखी उशिरा. तिन्हींत मिळून शब्द एकही नीट कळत नाही. लोअर परळच्या काचेच्या टॉवरांमध्ये एफएमचं हेच होतं. मनोऱ्यावरून आलेली लहर आणि इमारतींवर आपटून आलेल्या तिच्या बहिणी अँटेनात एकत्र येतात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे खोडून काढतात. खोडून काढण्याच्या जागा एकमेकींपासून मीटर-दीड मीटरवर असतात. म्हणूनच सिग्नलला गाडी एका ठिकाणी उभी राहिली की गाणं जातं आणि पुढची रिक्षा हलली, आपण हातभर सरकलो, की परत येतं. रोज अनुभवतो आपण हे, फक्त दोष स्टेशनला देतो.

खंडाळ्याच्या घाटात आणखी एक गंमत आहे. ९८.३ मुंबईतही आहे आणि पुण्यातही, ९१.१ चंही तसंच. कार्यक्रम मात्र वेगवेगळे. एफएम रेडिओचा स्वभाव असा की एकाच आकड्यावर दोन सिग्नल आले तर जो जास्त जोरकस, त्यालाच तो घट्ट धरतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. त्यामुळे घाटात एका वळणावर मुंबईची निवेदिका ट्रॅफिकचं सांगत असते, पुढच्या वळणावर वाक्य अर्धवट तोडून पुण्याचा निवेदक मिसळीवर बोलू लागतो. लहानपणी माझ्या मुलीला वाटायचं, ते दोघं भांडतायत.

आमटी पाठवायची की आमटीची कृती?

डिजिटल प्रक्षेपण याहून वेगळं कसं, ते स्वयंपाकघरातून बघू.

समजा आईला विरारहून चर्चगेटला मुलाकडे आमटी पोचवायची आहे. एक मार्ग म्हणजे डब्यात आमटी भरून लोकलने पाठवायची. गर्दीत डबा हलतो, थोडी सांडते, कुणाचा धक्का लागतो, पावसाचं पाणी शिरतं. मुलाला मिळते ती आमटीच, पण पातळ आणि थंड. हे साधं एफएम. वाटेत जे काही मिसळलं, ते आवाजात मिसळलं. काढायची सोय नाही.

दुसरा मार्ग, आमटीची कृती चिठ्ठीवर लिहून पाठवायची. चिठ्ठी चुरगळली, ओली झाली, शाई थोडी पसरली, तरी ‘दोन आमसुलं’ हे वाचता येतं. मुलगा आपल्या घरी आमटी करतो, ती आईच्या हातची जशीच्या तशी. वाटेतला पाऊस चवीत उतरत नाही. हे डिजिटल.

चिठ्ठी अशीही लिहितात की एखादा शब्द पुसला तरी अंदाज यावा. खराब लाइनवर गाडीचा नंबर सांगताना आपण म्हणतो, “ब बदकाचा, क कमळाचा.” जास्तीचे शब्द खर्च होतात, पण चूक होत नाही. डिजिटल रेडिओ असेच जास्तीचे आकडे सतत सोबत पाठवतो आणि रेडिओ त्यांवरून चुकलेले आकडे भरून काढतो.

आणि ते चार भोंगे? त्यावरही उपाय आहे. घुमणाऱ्या सभामंडपात अनुभवी वक्ता काय करतो? सावकाश बोलतो, प्रत्येक शब्दानंतर जरा थांबतो, आधीच्या शब्दाचा घुमार विरला की पुढचा उच्चारतो. डिजिटल रेडिओ तेच करतो. पण सावकाश बोलून सगळं वेळेत सांगून कसं होणार? म्हणून तो एक वक्ता उभा करत नाही, शेकडो उभे करतो. प्रत्येकाचा सूर वेगळा आणि प्रत्येकाने थोडेसेच आकडे, तेही थांबून थांबून सांगायचे. इमारतींवर आपटून आलेली लहर त्या थांब्यातच विरते. ४जी मोबाइल आणि वायफायसुद्धा हीच युक्ती वापरतात.

तोटा? आहे, आणि दुकानदार तो सांगणार नाही. चिठ्ठी फारच भिजली तर काहीच वाचता येत नाही. साधं एफएम हळूहळू बिघडतं. खरखरीतूनही क्रिकेटचा स्कोअर कान टवकारून ऐकता येतो. डिजिटल एक तर स्वच्छ ऐकू येतं, नाहीतर एकदम शांत. मधली पायरी जवळजवळ नाहीच. ज्यांना खरखरीसकट ऐकायची सवय आहे, त्यांना ही अचानक शांतता जास्त खटकते.

मग मुंबईच्या हवेत आज आहे तरी काय?

जगात डिजिटल रेडिओच्या तीन मुख्य पद्धती आहेत. युरोपात डॅब, अमेरिकेत एचडी रेडिओ आणि तिसरी डीआरएम. रेडिओ ज्या पद्धतीचा, तीच पद्धत त्याला ऐकू येते. एकीचा दुसरीला उपयोग नाही.

डॅबचा विषय आधी संपवू, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. ऑनलाइन ‘डॅब प्लस डोंगल’ मिळतो, अँड्रॉइड स्टिरिओच्या, म्हणजे गाडीतल्या पडदावाल्या रेडिओच्या, यूएसबीत खुपसायचा. सोबत काचेला चिकटवायची इवलीशी अँटेना. दिसायला झकास. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम वाहिन्या बंद करून डॅबवर नेल्या. युरोपीय संघात डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारींच्या रेडिओत डिजिटल प्रक्षेपण पकडण्याची सोय सक्तीची आहे. लंडनला राहत असाल तर जरूर घ्या तो डोंगल. मुंबईत डॅबचं एकही स्टेशन नाही. इथे तो पडद्यावर ‘शोधत आहे’ असं लिहील आणि दिवसभर शोधत राहील.

आपल्याकडे आकाशवाणीने डीआरएम स्वीकारलं. तेही एफएमवर नाही, मध्यम लहरींवर, म्हणजे आपण ज्याला एएम म्हणतो त्या पट्ट्यात. देशभरात तीसहून जास्त मध्यम लहर केंद्रांना ही सोय बसवली. मुंबईची मध्यम लहर केंद्रं मालाडला मालवणीच्या बाजूला आहेत. तीच ती ‘अस्मिता वाहिनी’ची ५५८ किलोहर्ट्झ, वडील ट्रान्झिस्टर आडवा-उभा फिरवून लावायचे ती. ५५८ची लहर पाचशे मीटरहून लांब असते. ती टॉवरला घाबरत नाही, डोंगराला वळसा घालते, जमिनीला धरून लांबवर जाते. भोंग्यांचा घोळ तिच्याबाबतीत फारसा होत नाही. तिचे शत्रू वेगळे: ट्यूबलाइट, एलईडीचे स्वस्त दिवे, लिफ्टच्या मोटरी, रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारांवरच्या ठिणग्या. एएमवर हा सगळा कचरा आवाजात उतरतो. तीच लहर डिजिटल केली की उतरत नाही. शिवाय डीआरएमच्या एकाच लहरीवर चार सेवांपर्यंत बसवता येतात आणि पडद्यावर मजकूरही येतो.

मारुती, ह्युंदाईसारख्या कंपन्यांनी साधारण २०१७ पासून काही मॉडेलांच्या मूळ स्टिरिओतच डीआरएम देऊन टाकलं. गाजावाजा न करता. विकणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही.

राहिली एफएमच्या पट्ट्यातली डिजिटल स्टेशनं, म्हणजे बातमीतली. ट्रायची शिफारस अशी की एकाच पद्धतीची निवड व्हावी आणि स्टेशनाने एकाच जागेवरून, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरून, जुनं एफएम आणि डिजिटल दोन्ही सोबत पाठवावं. यालाच सायमलकास्ट म्हणतात. एका जागेत एक साधी वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि माहितीची एक, असा तो संसार. चाळीतल्या एका खोलीत पोटमाळा काढून पाचजण राहतात तसं. शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. पद्धत ठरायची, लिलाव व्हायचा, यंत्रं बसायची. जी पद्धत अजून ठरलेलीच नाही, तिचा ट्यूनर आज विकत घेणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी पत्रिका छापणं.

“म्हणजे माझा जुना रेडिओ भंगारात जाणार?”

नाही. सायमलकास्टचा अर्थच तो. जुनी वाहिनी चालू राहते, तिच्या कडेला डिजिटल येते. जुनं बंद कधी करायचं हे पुढे परिस्थिती बघून ठरवावं, असंच ट्रायचं म्हणणं आहे. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने २०२४ च्या अखेरीस एफएम बंद केलं आणि श्रोते गमावले. हा धडा ताजा आहे. मुंबईत किती रिक्षांमध्ये, टपऱ्यांवर, वॉचमनच्या केबिनीत साधे एफएम आहेत ते बघा. ते एका रात्रीत बंद करायची हिंमत कोण करेल, मला तरी दिसत नाही.

“मोबाइल आहे की! रेडिओ हवाय कशाला?”

हा आक्षेप मुलगी घेते, आणि त्यात तथ्य आहे. आकाशवाणीचं ॲप आहे, खासगी स्टेशनंही इंटरनेटवर सापडतात. डेटाचा हिशेब तर किरकोळ: ६४ किलोबिटच्या आवाजाला तासाला सुमारे २९ एमबी. रोज दोन तास प्रवास, महिन्याचे पंचवीस दिवस, दीड जीबीच्या आतच. एरवीच्या दिवशी मोबाइल पुरेसा आहे, हे मी कबूल करतो.

पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मोबाइल लागत नव्हते आणि लोक रात्रभर गाड्यांत, बसमध्ये, कुणाच्या तरी जिन्यात अडकले होते. मोबाइलचं जाळं प्रत्येकाशी वेगळं बोलतं, म्हणून सगळ्यांनी एकदम हाक मारली की ते कोलमडतं. रेडिओचा मनोरा एकदाच बोलतो. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, त्याला फरक पडत नाही. डीआरएममध्ये तर आणीबाणीचा इशारा आला की रेडिओने आपोआप त्या वाहिनीवर जायची सोयसुद्धा आहे. ती वापरली गेली तर.

साडेपाच हजार घालण्याआधी

आता माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. पडदा मोठा, नकाशा झकास, मागचा कॅमेरा झकास. एफएम मेलेलं. सायनपर्यंत बरं चालायचं, पुढे चेंबूरकडे वळलं की खरखर. दुकानातला पोरगा म्हणाला, “साहेब, अँड्रॉइडला एफएम असंच असतं. डिजिटल ट्यूनर टाका.” मी जवळजवळ टाकला होता.

मग एका रविवारी स्टिरिओ बाहेर ओढला. मागे तारांचा झिंज्या विस्कटल्यासारखा गुंता आणि त्यात एक निळी तार, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून तशीच सोडलेली. कुठेच न जोडलेली.

त्या निळ्या तारेची गोष्ट अशी. एफएमची लहर तीन मीटरची, तेव्हा चांगल्या अँटेनाची लांबी तिच्या पाव, म्हणजे पाऊण मीटर हवी. जुन्या गाड्यांना तशी लांब काठी असायचीच. मग फॅशन बदलली. छपरावर बोटभर काठी आली, शार्कच्या पाठीवरच्या परासारखा तुकडा आला किंवा मागच्या काचेतच बारीक तारा आल्या. आखूड अँटेना थोडंसंच पकडते, म्हणून तिच्या बुडाशी एक छोटा ॲम्प्लिफायर बसवतात. त्याला १२ व्होल्ट लागतात. मूळ स्टिरिओ ते अँटेनाच्याच केबलमधून गुपचूप पाठवतो. बाहेरचा स्टिरिओ ते निळ्या तारेतून देतो आणि ती तार अँटेनाच्या जोडाला जोडावी लागते. नाही जोडली तर ॲम्प्लिफायर झोपलेला राहतो, आणि झोपलेला ॲम्प्लिफायर सिग्नल नुसता वाढवत नाही असं नाही, आहे तोही अडवतो.

तार जोडली. त्यासाठी लागणारा जोड लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळाला. चेंबूरला गाणं आलं. आनंदापेक्षा संताप जास्त झाला, खरं सांगायचं तर.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी हेच विचारतो: स्टिरिओ मूळचा आहे की बदललेला? बदलल्यापासूनच खरखर असेल तर दहापैकी आठ वेळा निळी तार. निदान माझ्या ओळखीतल्या गाड्यांत तरी.

दुसरा संशयित चार्जर. डॅशकॅम, सिगारेट लायटरमधले स्वस्त यूएसबी चार्जर, पायाखालचे एलईडी पट्टे यांच्या आत विजेची उघडझाप सेकंदाला हजारो-लाखो वेळा होत असते आणि त्याचा कचरा थेट रेडिओच्या पट्ट्यात पडतो. तपासणी फुकटची आहे. गाडी बंद ठेवून किल्ली पहिल्या खाचेवर आणा, नुसता रेडिओ लावा, दुबळं स्टेशन धरा. सगळे चार्जर उपटा आणि एकेक करून परत लावा. खरखर कुठे वाढली ते कानाला कळतं. शेवटी इंजिन सुरू करा. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे, ट्यूनरचा नाही.

तिसरी जागा छपरावरची. आपल्याकडे चार महिने पाऊस, बाराही महिने खारी हवा. अँटेनाच्या बुडाखाली पाणी झिरपतं, गंज चढतो आणि जिथे धातूला धातू टेकायला हवा, तिथे गंजाचा थर येतो. काठी हाताने घट्ट फिरवून बघा. गाडी धुणाऱ्या माणसाने ती काढून डिकीत ठेवलेली असते, हेही मी पाहिलंय.

आणि एक सेटिंग. अँड्रॉइड स्टिरिओत रेडिओचा ‘प्रदेश’ निवडायचा असतो. तिथे अमेरिका असेल तर एफएम फक्त विषम दशांशांवर उड्या मारतं: ९१.१, ९१.३, ९१.५. मग १०६.४ सारखं स्टेशन नीट बसतच नाही. एएम दहा-दहाच्या पायऱ्यांनी जातं, तेव्हा ५५८ वर थांबताच येत नाही, ५६० वर थांबतं. आपल्याकडे पायरी नऊची. ‘युरोप’ निवडा. खर्च शून्य.

तरीही डिजिटल बसवायचाच असेल

मूळ स्टिरिओत डीआरएम नसेल तर बाहेरून लावायचे डीआरएम डबे बनतात, पण लॅमिंग्टन रोडच्या दोन चकरांत मला तो दाखवणारा एकही दुकानदार भेटला नाही. मागवलाच तर तीन गोष्टी बघा. तो मध्यम लहरींवरचं डीआरएम पकडतो का, की फक्त डॅब? आवाज स्टिरिओला कसा देतो? ऑक्स किंवा यूएसबीतून देत असेल तर उत्तम. छोट्या एफएम ट्रान्समीटरने देत असेल तर चिठ्ठीवरून केलेली सुंदर आमटी परत गळक्या डब्यात भरण्यासारखं आहे. आणि तिसरं, गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या वायरिंगला कात्री लावू देऊ नका. तयार जोड (कपलर) मिळतात. पोरगा म्हणतो “दोन मिनिटांत कापून जोडतो”, तिथे ठाम राहायचं.

रविवारी

भावोजी ठरल्याप्रमाणे आले. २०१९ची हॅचबॅक, स्टिरिओ मूळचा. म्हणजे निळ्या तारेचा प्रश्नच नव्हता. किल्ली पहिल्या खाचेवर आणली, रेडिओ लावला, समोरच्या काचेवरच्या डॅशकॅमचा चार्जर उपटला. खरखर थांबली. परत लावला, आली. ताईने मागच्या सीटवरून विचारलं, “एवढंच?”

एवढंच. तो चार्जर कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळाला होता.

मग सहज म्हणून मी पडद्यावर एफएमच्या शेजारचं बटण दाबलं. एएम. यादीत आकड्यांच्या खाली तीन अक्षरं दिसली: डीआरएम.

“हे काय?” भावोजी पुढे वाकले.

“तुमचा डिजिटल ट्यूनर. गाडीबरोबरच आलाय.”

“सहा वर्षं आहे हा यात?”

“तुम्ही एएम कधी दाबलंत?”

ते काही बोलले नाहीत. पडदा दोन-तीन सेकंद गप्प राहिला, चिठ्ठी वाचत असावा. मग आकाशवाणीच्या निवेदिकेचा आवाज आला, मागे जराही खरखर नाही, जणू ती डॅशबोर्डमध्येच बसली होती. ताई म्हणाली, “थोडा मोठा करा की.”